भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणातील प्रमाण-नमुन्यांची निश्चिती व दुरुस्ती : वऱ्हाडाच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

अकोल्याच्या दालमिलच्या गोदामात साठविलेल्या तुरीला व मुगाला लागणारा लहानसा तपकिरी भुंगेरा वऱ्हाडात कोणालाही अपरिचित नाही. शेतकरी व व्यापारी त्यास नुसते 'भुंगा' म्हणतात आणि त्यांचे काम तेवढ्याने भागते. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याचे मात्र भागत नाही. त्याला प्रबंधात कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस किंवा कॅलोसोब्रुकस मॅक्युलॅटस असे नाव लिहावे लागते व त्यापुढे नाव देणाऱ्याचे आडनाव आणि वर्ष जोडावे लागते. हे नाव तो कोठून घेतो, असे विचारल्यास बहुधा उत्तर येते की आधीच्या प्रबंधातून. आधीच्या प्रबंधकाराने ते त्याच्या आधीच्या प्रबंधातून घेतलेले असते. ही साखळी मागे मागे नेत गेल्यास तिचे शेवटचे टोक कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. ते लंडन, कोपनहेगन किंवा कोलकाता येथील एखाद्या संग्रहालयाच्या खणात, टाचणीला टोचलेल्या एका वाळलेल्या कीटकाशी जाऊन थांबते. त्या कीटकाला 'टाइप', म्हणजे प्रमाण-नमुना, असे म्हणतात.

हा प्रमाण-नमुना चुकीचा ठरविला गेला असेल, त्याची चिठ्ठी खोटी असेल अथवा तो मुळी ठरविलाच गेला नसेल, तर त्या नावाने लिहिलेले सर्व साहित्य संशयास्पद होते. अशी चूक कशी होते, ती कोणत्या नियमांनी दुरुस्त करता येते आणि त्या दुरुस्तीचा अमरावती-अकोल्याकडील अभ्यासकांशी काय संबंध पोहोचतो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रमाण-नमुना म्हणजे काय

'टाइप' या शब्दामुळे एक गैरसमज हमखास होतो. तो नमुना त्या जातीचा सर्वांत ठळक, सर्वांत चांगला किंवा सरासरी प्रतिनिधी असावा, असे विद्यार्थी समजतात. तसे काही नसते. तो एखादा पाय तुटलेला, रंग उडालेला, आकाराने खुजा नरही असू शकतो. शेताच्या बांधावरील हद्दीचा दगड शेतातील उत्तम दगड असतो म्हणून तेथे पुरलेला नसतो. मोजणी त्याच्यापासून सुरू होते, एवढेच त्याचे महत्त्व. तद्वत प्रमाण-नमुना हा जातीचे वर्णन नसून नावाची खूण आहे. जातीच्या व्याप्तीविषयी संशोधकांचे मत बदलू शकते. एका जातीच्या दोन होतात, दोन जातींची एक होते. अशा वेळी जुने नाव कोणत्या भागाकडे राहील, याचा निर्णय तो नमुना ज्या भागात मोडतो त्यावरून होतो.

प्राण्यांच्या नावांचे नियमन आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोग करतो. आयोगाची स्थापना १८९५ साली झाली. त्याच्या संहितेची चौथी आवृत्ती १९९९ साली प्रसिद्ध झाली व १ जानेवारी २००० पासून अमलात आली. मूळ लेखकाने वर्णन करताना एकच नमुना नावाचा आधार म्हणून ठरविला असेल तर तो होलोटाइप होय. त्याच्यासोबतचे, लेखकाने तसे नमूद केलेले इतर नमुने पॅराटाइप म्हणविले जातात. नावाचा भार त्यांच्यावर नसतो. लेखकाने कोणताही एक न निवडता अनेक नमुन्यांवर वर्णन बेतले असेल तर ते सर्व सिंटाइप होत व सगळे मिळून नाव धारण करतात. या सिंटाइपांपैकी एक पुढे कोणी विधिवत निवडला तर तो लेक्टोटाइप होतो आणि उरलेले पॅरालेक्टोटाइप बनून नावाच्या जबाबदारीतून मुक्त होतात. मूळ सामग्री पूर्णपणे नष्ट झाली असून नावाविषयी खरोखरीचा पेच उभा असेल, तरच नवीन नमुना निओटाइप म्हणून नेमता येतो.

चूक कोठे शिरते

लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत कडधान्यातील भुंगेऱ्याचे वर्णन कर्क्युलिओ चायनेन्सिस या नावाने केले, तेव्हा प्रमाण-नमुना ही कल्पनाच अस्तित्वात नव्हती. त्याचा शिष्य योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस याच्या काळीही ती नव्हती. फॅब्रिशियस हा पुढे कील येथे प्राध्यापक झाला. भारतीय भुंगेऱ्यांच्या नावांमागे त्याचे नाव इतक्या वेळा येते की वऱ्हाडातील कोणतीही कीटकसूची उघडली तरी ते आढळते. कपाशीवरील मावा खाणारा सहा ठिपक्यांचा ढालकिडा, हुमणीच्या प्रमुख जातींपैकी होलोट्रिकिया सेराटा, वांग्याची पाने जाळीदार करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा, या सर्वांचे पहिले वर्णनकर्ते तेच.

फॅब्रिशियसपर्यंत भारतीय कीटक पोहोचण्याचा एक मोठा मार्ग तरंगंबाडी हा होता. तमिळ किनाऱ्यावरील ही डॅनिश वसाहत १८४५ पर्यंत डेन्मार्ककडे होती. तेथे १७६८ साली आलेला वैद्य योहान गेरहार्ड कोनिग व पुढे डाल्डोर्फ यांनी वनस्पती व प्राण्यांचे नमुने युरोपात पाठविले. फॅब्रिशियस कोपनहेगन व लंडन येथील खासगी संग्रह पाहून त्यांवर दोन-तीन ओळींची लॅटिन वर्णने लिही. स्थळ म्हणून पुष्कळदा केवळ 'पूर्वेकडील हिंदुस्थान' एवढेच असे. त्याकाळी किडीने खाल्लेला नमुना फेकून त्याजागी त्याच नावाचा ताजा नमुना लावणे हे संग्रहाची निगा राखण्याचेच काम मानले जाई. परिणामी आज एखाद्या खणात फॅब्रिशियसच्या नावाखाली तीन टाचण्या दिसल्या, तर त्या तिन्हींवरील कीटक त्याने पाहिलेच होते असे गृहीत धरता येत नाही. एला झिम्सेन यांनी १९६४ साली फॅब्रिशियसच्या प्रमाण-सामग्रीची ग्रंथरूप सूची कोपनहेगन येथून प्रसिद्ध केली. कोणत्या नावाचे किती नमुने कोणत्या संग्रहात शिल्लक आहेत हे तीवरून कळते. पण नमुना शिल्लक असणे व तो नावाचा अधिकृत धारक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी चूक त्यानंतरच्या शतकातील आहे. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत गॅहन यांचा लांबशिंगी भुंगेऱ्यांवरील खंड १९०६ साली, गाय मार्शल यांचा सोंड्यांवरील खंड १९१६ साली आणि गिल्बर्ट आरो यांचे शेणकिडे व त्यांच्या सोयऱ्यांवरील खंड १९१० ते १९३१ या काळात निघाले. आजही आपल्याकडे ओळख पटविण्याचे काम बव्हंशी याच खंडांतील कूटतक्त्यांवर चालते. या पिढीतील वर्गीकरणतज्ज्ञांनी अनेक नमुन्यांना 'टाइप' अशा चिठ्ठ्या लावल्या. लंडनच्या संग्रहालयात लाल कडेची गोल चिठ्ठी लावलेला नमुना पाहिला की अभ्यासक त्यास होलोटाइप मानून मोकळा होतो. संहितेचे म्हणणे वेगळे आहे. तिच्या ७२व्या कलमानुसार केवळ चिठ्ठीवर अथवा संग्रहालयाच्या छापील यादीत 'टाइप' असे लिहिलेले असणे, हा तो नमुना कोणत्याही प्रकारचा प्रमाण-नमुना असल्याचा पुरावा ठरेलच असे नाही. मूळ वर्णनात काय म्हटले आहे, ते पाहावे लागते. मूळ वर्णनात दोन मापे दिली असतील, 'नर व मादी' असे म्हटले असेल किंवा दोन गावांची नावे असतील, तर लेखकासमोर एकाहून अधिक नमुने होते हे उघड आहे. मग लाल चिठ्ठीचा तो कीटक होलोटाइप नसून अनेक सिंटाइपांपैकी एक ठरतो.

चिठ्ठीचे महत्त्व आणि रानपिंगळ्याचे प्रकरण

चिठ्ठीवर किती विसंबावे, याचे सर्वांत बोलके उदाहरण भुंगेऱ्यांतील नाही, पक्ष्यांतील आहे; परंतु ते मेळघाटच्या इतके जवळचे आहे की ते वगळून पुढे जाणे योग्य होणार नाही. रानपिंगळ्याचे वर्णन ह्यूमने १८७३ साली केले व ब्लेविट या संग्राहकाच्या नावावरून त्याचे नामकरण केले. त्यानंतर १८८४ पर्यंत मोजकेच नमुने मिळाले. त्यांपैकी काही जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेले होते. पुढे या पक्ष्याचा मागमूस राहिला नाही. अपवाद एकच होता. गुजरातेतील मांडवी येथे १९१४ साली मिळाल्याची चिठ्ठी असलेला, कर्नल मायनर्त्सहागेन यांच्या संग्रहातील एक नमुना. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी तो बारकाईने तपासला, तेव्हा त्याची घडण डेव्हिडसन यांच्या हातची असल्याचे आढळले. जुना नमुना संग्रहालयातून उचलून, त्याची शिवण उसवून व पुन्हा भरून, त्यास नवी खोटी चिठ्ठी बांधण्यात आली होती. हे संशोधन १९९९ साली प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी नोव्हेंबर १९९७ मध्ये, मांडवीची नोंद बाजूस सारून जुन्या विश्वसनीय चिठ्ठ्यांच्या आधारे शोध घेतला असता, शहाद्याच्या जंगलात रानपिंगळा प्रत्यक्ष दिसला. पुढे तो मेळघाटातही आढळला आणि आज मेळघाट हे त्याचे एक प्रमुख आश्रयस्थान मानले जाते.

मांडवीचा नमुना हा प्रमाण-नमुना नव्हता. त्यामुळे नावाला धक्का बसला नाही. बसला तो शोधाच्या दिशेला. असाच खोटेपणा प्रमाण-नमुन्याच्या चिठ्ठीत असता तर काय झाले असते, याची कल्पना करता येईल. प्रमाण-नमुन्याचे स्थळ चुकीचे दिले गेल्याचे सिद्ध झाल्यास ते दुरुस्त करावे असे संहितेचे ७६वे कलम सांगते. मात्र दुरुस्ती स्थळाच्या नोंदीत होते. नमुना बदलत नाही. हा भेद ध्यानात न घेता स्थळ चुकले म्हणून 'योग्य' ठिकाणाहून नवा नमुना आणून त्यालाच प्रमाण म्हणण्याचा मोह अभ्यासकांना होतो. तो नियमबाह्य आहे.

दुरुस्तीची रीत

महाराष्ट्रातील वाचकाला ही रीत सातबाऱ्याच्या फेरफारावरून चटकन समजेल. उताऱ्यावरील जुने नाव खोडून टाकता येत नाही. फेरफाराची नोंद घ्यावी लागते, तिला कारण लागते, ती प्रमाणित व्हावी लागते आणि जुने नाव कंसात जाऊनही उताऱ्यावर वाचता येते. प्राणिनामकरणातही जुनी नोंद पुसली जात नाही. तिच्यावर नवी प्रकाशित कृती चढते. फरक इतकाच की येथे तलाठी वा मंडळ अधिकारी नाही. जो कोणी संहितेच्या अटी पाळून प्रकाशित करील, त्याची नोंद आपोआप लागू होते.

उदाहरणादाखल असे समजू की एका शेणकिड्याच्या नावाखाली चार सिंटाइप आहेत आणि तपासणीअंती त्यांपैकी तीन एका जातीचे व चौथा दुसऱ्या जातीचा निघाला. जोवर चारही नमुने नाव धारण करीत आहेत, तोवर ते नाव दोन जातींवर एकाच वेळी बसलेले आहे. अभ्यासकाने त्यांतील एक लेक्टोटाइप म्हणून निवडला की नाव एका जातीकडे कायमचे जाते. ही निवड प्रचलित वापर अबाधित राखणारी असावी, असे संहिता सुचविते. तीन विरुद्ध एक असे बहुमत येथे चालत नाही. गेली शंभर वर्षे लोकांनी ते नाव ज्या कीटकाला लावले, तो चौथा असेल तर चौथाच निवडणे शहाणपणाचे. एकदा विधिवत निवड झाली की त्यानंतरची कोणतीही निवड निरर्थक असते. पहिली निवड गैरसोयीची वाटली, निवडलेला नमुना मोडका निघाला किंवा दुसरा अधिक सुबक वाटला, ही कारणे पुरत नाहीत. तो नमुना मुळात सिंटाइप नव्हताच, म्हणजे मूळ लेखकाने तो पाहिलाच नव्हता, असे सिद्ध झाले तरच निवड रद्द होते. इतर सर्व बाबतींत आयोगाकडे अर्ज करावा लागतो व आयोग आपल्या विशेषाधिकाराने निर्णय देतो.

निवड कशी लिहावी, याचे नियम २००० पूर्वी सैल होते. लेखकाने 'लेक्टोटाइप' हा शब्द किंवा 'हाच टाइप' अशा अर्थाचे शब्द विशिष्ट नमुन्याला उद्देशून वापरले असल्यास ते पुरेसे मानले जाते. १९९९ नंतरच्या निवडींकरिता चौथ्या आवृत्तीने निवडीचा वर्गीकरणविषयक हेतू स्पष्ट लिहिण्याची सक्ती केली. ती सक्ती फार कडक वाटल्याने आयोगाने २००३ साली ४४व्या घोषणेद्वारे ती बदलली. आता निवड जाणीवपूर्वक केली असल्याचे स्पष्ट विधान लागते. 'येथे लेक्टोटाइप म्हणून नेमण्यात येत आहे' असे वाक्य पुरते. पण यादीत नमुन्यापुढे नुसते 'लेक्टोटाइप' असे लिहून चालत नाही. हा बारकावा क्षुल्लक वाटेल. तथापि याच एका वाक्याच्या अभावी एखादी निवड बाद ठरते आणि तिच्यावर विसंबलेले पुढील सर्व काम अधांतरी राहते.

नव्या जातींच्या बाबतीत कठोरता याहून अधिक आहे. १९९९ नंतर वर्णिलेल्या जातीकरिता लेखकाने होलोटाइप अथवा सिंटाइप स्पष्टपणे नेमले नाहीत, किंवा ते कोणत्या संग्रहात ठेवले वा ठेवण्यात येतील हे सांगितले नाही, तर ते नावच उपलब्ध होत नाही. म्हणजे संहितेच्या दृष्टीने ते नाव दिलेच गेले नाही. अशा वेळी 'शुद्धिपत्र' काढून मागील तारखेने दोष दूर करता येत नाही. दोषरहित प्रकाशन ज्या दिवशी होईल, त्या दिवसापासून नाव अस्तित्वात येते. होलोटाइपाची संग्रह-क्रमांकातील चूक, लिंग ओळखण्यातील चूक, तारखेतील चूक या मात्र साध्या टिपणाने सुधारता येतात, कारण त्यांत नमुना तोच राहतो.

निओटाइपाविषयी एक इशारा आवश्यक आहे. 'मूळ नमुना आपल्याकडे नाही' आणि 'मूळ नमुना नष्ट झाला आहे' ही दोन विधाने एक नव्हेत. अमरावतीत बसून युरोपातील नमुना पाहता येत नाही, म्हणून मेळघाटातील ताज्या कीटकाला निओटाइप म्हणणे हा उपाय नव्हे. मूळ सामग्री शोधण्यासाठी काय केले ते लिहावे लागते. नवा नमुना शक्यतो मूळ स्थळाजवळचा असावा लागतो. तो मान्यताप्राप्त वैज्ञानिक संस्थेच्या मालकीचा असावा लागतो. आणि एवढे करूनही मूळ नमुना पुढे एखाद्या खणात सापडला, तर निओटाइप बाजूला होऊन मूळ नमुनाच पुन्हा नाव धारण करतो.

गझेलाचा धडा

शेणकिड्यांच्या अभ्यासात वऱ्हाडातील विद्यार्थ्याला डिजिटॉन्थोफॅगस गझेला हे नाव टाळता येत नाही. पूर्वी त्यास ऑन्थोफॅगस गझेला म्हणत. फॅब्रिशियसने १७८७ साली ते नाव दिले. विसाव्या शतकात या नावाचा कीटक जगप्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियात युरोपीय गाईंच्या शेणाची विल्हेवाट लावणारे स्थानिक भुंगेरे अपुरे पडत व शेणात वाढणाऱ्या माश्यांनी उच्छाद मांडला होता. आफ्रिकेतून हवाईत नेलेल्या शेणकिड्यांचा वंश तेथून ऑस्ट्रेलियात आणून १९६८ पासून मोकळा सोडण्यात आला. पुढे १९७०च्या दशकात टेक्सासमध्ये व नंतर ब्राझीलमध्येही तो सोडला गेला. अंडी किती, शेणगोळे किती खोल, पिढी किती दिवसांची, याविषयीची विपुल आकडेवारी या देशांतून 'गझेला' या नावाखाली प्रसिद्ध झाली.

फ्रँस्वा जेनिए व एड्रियन डेव्हिस यांनी २०१७ साली 'झूटॅक्सा' या नियतकालिकात दाखवून दिले की जगभर नेऊन सोडलेल्या जातीला 'गझेला' म्हणणे ही चुकीची ओळख होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या या प्रजातीच्या समग्र पुनर्विलोकनात आफ्रिकेतील जी एक जात समजली जात होती, तो प्रत्यक्षात अनेक सदृश जातींचा गट असल्याचे मांडले गेले. या ठिकाणी नमुन्यात फेरफार कोणी केला नव्हता, चिठ्ठी खोटी नव्हती. फक्त जवळजवळ शतकभर संशोधकांनी नाव वापरले आणि प्रमाण-नमुन्याशी पडताळणी करणे मागे राहिले.

या दुरुस्तीचा आपल्याकडील परिणाम अगदी व्यावहारिक आहे. अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातील गोठ्यांत व कुरणांत सापडणाऱ्या शेणकिड्यावर लिहिताना अनेक प्रबंधांच्या 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या प्रकरणात ऑस्ट्रेलिया व ब्राझील येथील गझेलाची आकडेवारी घेतली जाते, कारण नाव एकच आहे. आता ती आकडेवारी आपल्या कीटकाची आहे असे म्हणण्याचा आधार राहिलेला नाही. जुने आकडे खोटे नाहीत. ते ज्या कीटकाचे आहेत त्याचेच आहेत. चुकली आहे ती पाटी. येथील कीटकाचे जीवनचक्र येथेच, काळ्या मातीत व येथील म्हशी-गाईंच्या शेणात, नव्याने मोजावे लागेल. नव्या पिढीतील एखाद्या विद्यार्थ्याला याहून चांगला प्रबंधविषय मिळणे कठीण आहे.

कडधान्यातील भुंगेऱ्यांच्या बाबतीतही असाच एक वळसा आधी येऊन गेला होता. फॅब्रिशियसनेच वर्णिलेल्या मॅक्युलॅटस व अॅनालिस या दोन जाती दीर्घकाळ एकमेकींत मिसळल्या गेल्या. साउथगेट, होव व ब्रेट यांनी १९५७ साली त्या स्वतंत्र असल्याचे स्पष्ट केले. त्यापूर्वी या नावांखाली केलेल्या प्रयोगांतील कीटक नेमके कोणते, हे ठरविण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे प्रयोगातील नमुने जपून ठेवले असतील तर ते पुन्हा पाहणे. बहुतेक ठिकाणी ते ठेवलेले नसतात.

धान्यातील खापरा किड्याचे प्रकरण यापेक्षा वेगळे आहे व ते प्रमाण-नमुन्याच्या दोषाचे उदाहरण म्हणून देऊ नये. एव्हर्ट्स यांनी १८९८ साली त्यास ट्रोगोडर्मा ग्रॅनॅरियम म्हटले. आरो यांनी १९१७ साली आपल्याकडचे देशी नाव घेऊन ट्रोगोडर्मा खापरा असे दुसरे नाव दिले. दोन्ही एकच जात ठरल्याने अग्रक्रमाच्या नियमाने पहिले नाव राहिले. देशी नाव शास्त्रीय यादीतून गेले याचे कोणाला वाईट वाटेल. पण नियम भावनेकडे पाहत नाही.

स्थानिक अभ्यासकांचे काम

सोयाबीनवरील चक्रीभुंग्याचे उदाहरण घरचेच आहे. ओबेरिऑप्सिस ब्रेव्हिस हे त्याचे नाव वऱ्हाडातील प्रत्येक कृषिपत्रिकेत येते. परंतु नावापुढील कर्त्याचे आडनाव भारतीय लेखांत एकसारखे आढळत नाही. याकडे मुद्रणदोष म्हणून दुर्लक्ष केले जाते. वस्तुतः कर्त्याचे नाव व वर्ष हा मूळ वर्णनाचा पत्ता आहे. पत्ता चुकला तर मूळ वर्णन मिळत नाही. मूळ वर्णन न मिळाल्यास प्रमाण-नमुना कोणता हे कळत नाही. जिल्ह्यातील ग्रंथालयात बसून करता येण्याजोगी पहिली दुरुस्ती हीच होय. अनेक जुने ग्रंथ आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे पूर्वीची अडचणीची सबब फारशी उरलेली नाही.

दुसरी बाब प्रकाशनाची. एखादी निवड किंवा नवे नाव कोणत्या नियतकालिकात यावे, यासाठी संहिता प्रतिष्ठेची अट घालीत नाही. समीक्षकांनी लेख तपासलेला असावा, अशीही अट नाही. ती पाहते ते प्रकाशन नियमानुसार झाले की नाही एवढेच. छापील प्रती एकाच वेळी व मिळण्याजोग्या निघाल्या असतील तर महाविद्यालयीन नियतकालिकातील कृतीही ग्राह्य असते. येथेच आजची मेख आहे. अलीकडे अनेक महाविद्यालयीन नियतकालिके केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघतात. आयोगाने २०१२ साली केलेल्या दुरुस्तीनुसार २०११ नंतरचे असे प्रकाशन 'झूबँक' या अधिकृत नोंदवहीत आधी नोंदविलेले असावे लागते आणि नोंदणीचा पुरावा त्या प्रकाशनातच असावा लागतो. तसे नसल्यास त्यातील नवे नाव, लेक्टोटाइपाची निवड किंवा निओटाइपाची नेमणूक, काहीही उपलब्ध ठरत नाही. वर्षभर केलेली मेहनत एका क्रमांकाअभावी वाया जाते. बहुविद्याशाखीय नियतकालिकाच्या संपादकास ही तरतूद ठाऊक असेलच असे नाही. ती तपासण्याची जबाबदारी लेखकाचीच आहे.

तिसरी बाब नमुन्यांची. प्रमाण-नमुने हे सर्व प्राणिशास्त्रज्ञांनी विज्ञानासाठी विश्वस्त म्हणून सांभाळावयाचे असतात, अशी संहितेची भाषा आहे. आपल्याकडे २००२च्या जैविक विविधता अधिनियमाच्या ३९व्या कलमाने नव्या वर्गघटकाचा शोध लागल्यास तो निर्देशित भांडारास कळविणे व तेथे नमुने जमा करणे बंधनकारक केले आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही १९१६ साली स्थापन झालेली संस्था अशा भांडारांपैकी एक असून तिचे पश्चिम प्रादेशिक केंद्र पुणे येथे आहे. तरीही नवीन जातीचा होलोटाइप विभागाच्या कपाटात 'सध्या' ठेवण्याची वृत्ती दिसते. मार्गदर्शक निवृत्त होतात, कपाट दुसऱ्या खोलीत जाते, डांबरगोळ्या संपतात आणि एका पावसाळ्यात बुरशी व म्युझियम भुंगेरा मिळून नमुन्याचा भुगा करतात. विशेष म्हणजे हा म्युझियम भुंगेरा खापरा किड्याच्याच कुळातील आहे.

नव्या जातीचे भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. पण प्रबंधात ज्या कीटकावर निरीक्षणे घेतली, त्याचे पाच-दहा नमुने टाचणीवर ठेवणे प्रत्येकास शक्य आहे. त्यांच्या चिठ्ठीवर नुसते 'अमरावती' लिहून उपयोग नाही, कारण शहर आणि जिल्हा यांचे नाव एकच आहे व जिल्ह्यात वऱ्हाडाची सपाट काळी जमीन आहे तशी चिखलदऱ्याची उंच पठारेही आहेत. गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, दिनांक, कोणत्या पिकावर वा शेणावर मिळाला, कोणी गोळा केला आणि कोणत्या कूटतक्त्यावरून ओळखला, एवढे चिठ्ठीवर काळ्या टिकाऊ शाईत असावे. प्रत्येक नमुन्यास विभागाच्या नोंदवहीतील स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक प्रबंधाच्या 'सामग्री व पद्धती' या प्रकरणात छापावा. गझेलासारखी दुरुस्ती उद्या पुन्हा झाली, तर त्या क्रमांकाचा नमुना काढून नाव बदलता येईल. निरीक्षणे तशीच वापरता येतील.